सात काळे बाण

मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४. कार्तिकी एकादशी. वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी. पाणी पावणेसातला आले, आठला गेले. प्रचाराच्या तीन रिक्षा फिरल्या. तिन्हींचे गाणे वेगळे, आवाज तेवढाच. लिफ्ट बंद. दुपारी साडेतीनला संस्थेतून स्पृहा बिडवई नावाची मुलगी आली, पाचला गेली. कच्छच्या गोट्यांबद्दल पत्र मागितले. गुरुवारी ये म्हटले.

नोंद एवढीच. मंदाकिनीबाई खाजगीवाल्यांनी पेनला टोपण लावले, काढले आणि पुन्हा लावले. सत्त्याहत्तर वर्षांत त्यांच्या चौसष्ट वह्या भरल्या होत्या. नोंद संपल्यावर टोपणाशी असा चाळा करायची वेळ सहसा येत नसे.

वह्यांची सवय शाळेतली. वडील लष्करी खात्यात कारकून, घर कॅम्पात, म्हणून मुलगी जवळच्या कॉन्व्हेंटमध्ये. तिथल्या सिस्टर बेनेडिक्टा मुलींना रोज संध्याकाळी पाच ओळी लिहायला लावत. नियम एकच होता: घडलं ते वहीत लिहा, वाटलं ते देवाला सांगा. शाळा सुटली तशा बाकीच्या मुलींच्या वह्याही सुटल्या. मंदाकिनीने फक्त भाषा बदलली, इंग्रजीतून मराठीवर आली. नियम तोच राहिला. स्वतःचे लग्न तिने चार ओळींत आटोपले होते, त्यांतली एक ओळ जिलब्या कमी पडल्याची. आठ वर्षांपूर्वी नवरा गेला त्या दिवशीची नोंद होती: "श्याम गेले. पहाटे ४.१०. डॉक्टर ४.४० ला आले. गडबडीत दूध नासले." मुलीने ती नंतर वाचली आणि दोन दिवस आईशी बोलली नाही. मग तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "आई, तुझ्या वहीत एक बरं आहे. जे लिहिलंय ते झालेलं असतं."

तेच तर होते. म्हणून तर ती मुलगी तीन जिने चढून आली होती.

स्पृहा आली तेव्हा तिला धाप लागली होती.

"आजी, तुमची लिफ्ट—"

"दिवाळीपासून बंद आहे. चेअरमन पहिल्या मजल्यावर राहतात," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "आणि आजी घरच्यांना. संस्थेत मला सगळे बाई म्हणायचे."

"ओके, बाई. सॉरी, 'ओके बाई' जरा विचित्र वाटतं."

"वाटतं. आधी पाणी पी."

मुलगी मूळची लातूरची, धायरीला पीजीत राहणारी, पीएचडीच्या चौथ्या वर्षाला. ज्या संशोधन संस्थेत मंदाकिनीबाईंनी चौतीस वर्षे जीवाश्मांची चित्रे काढली, तिथेच ती आता शिकत होती. पाणी पिऊन झाल्यावर तिने मोबाइलवर एका दगडाचा फोटो काढून समोर धरला. नारळाएवढा गोटा, अंगावर शिंपल्यांची खवले आणि बाजूला काळ्या शाईचा एक रेखीव बाण.

"चार नंबर," मंदाकिनीबाई चष्मा न लावताच म्हणाल्या.

"बापरे! तुम्हांला अजून आठवतो?"

"अठरा दिवस लागले होते त्याला. ठिपके मोजले नाहीत, पण मोजले असते तर तुझं शिक्षण त्यातच संपलं असतं."

पुण्याच्या दगडात शिंपला शोधणाऱ्याने जन्म वाया घालवावा. इथला सगळा दगड ज्वालामुखीचा, काळा. हे गोटे कच्छमधले. सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. समुद्राचा तळ बहुतेक ठिकाणी चिखलाचा. ज्या जिवांना घट्ट चिकटून बसायला जागा लागते, त्यांना चिखलात थारा नाही. मग एखादा गोटा तळाशी पडलेला दिसला की त्यावर गर्दी व्हायची. कालवं चिकटायची, किड्यांच्या चुन्याच्या नळ्या वळवळत चढायच्या, जाळीदार बारीक वसाहती पसरायच्या, आणि काही शिंपले तर दगडालाच भोक पाडून आत राहायचे. पुढे सगळ्यांवर चिखल बसला आणि ती बिऱ्हाडे तशीच्या तशी दगड होऊन राहिली. हे गोटे आणणारे डॉ. हुपरीकर सांगायचे, "बाई, हा गोटा म्हणजे भाड्याची चाळ आहे. कोण आधी आलं, कोण कोणाच्या डोक्यावर बसलं आणि कोण जिन्याखाली राहिलं, एवढंच बघायचं." त्यासाठी गोट्याची वरची बाजू कोणती आणि खालची कोणती हे माहीत असावे लागते. म्हणून जमिनीतून गोटा उचलण्याआधी डॉक्टर त्यावर आभाळाकडे टोक असलेला बाण काढत.

"बारापैकी दहा गोट्यांवर सेम पॅटर्न आहे," स्पृहा सांगत होती. "कालवं वर, नळ्या आणि भोकं खाली. सरांचा अठ्ठ्याऐंशीचा पेपर आहे ना, माझा आख्खा तिसरा चॅप्टर त्यावर उभा आहे. प्रॉब्लेम एवढाच, की पाच गोट्यांवर बाण जांभळा आहे आणि सातांवर काळा. माझे गाइड म्हणतात, परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारणार. रजिस्टरमध्ये काहीच नाही. हुपरीकर सर तर वारले. मग ऑफिसात कुणीतरी म्हणालं, बाईंना विचार, बाईंच्या डायरीत सगळं असतं."

"काय हवंय तुला?"

"एक पत्र. की फील्डवरचे जांभळे बाण पुसट व्हायला लागले, म्हणून तुम्ही ते काळ्या शाईनं गिरवले. तेच झालं असणार ना? त्या बाणांकडे बघूनच कळतं. इतके परफेक्ट आहेत."

मंदाकिनीबाईंनी साबुदाण्याच्या चिकवड्यांची ताटली तिच्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "गुरुवारी ये."

बुधवारी सकाळी त्यांनी कपाटातून १९८७ची वही काढली. सापडायला वेळ लागला नाही. त्यांच्या कपाटात कशालाच वेळ लागत नसे. "शनिवार, ७ मार्च. अर्धा दिवस. गोटे धुतले. चित्रे पूर्ण. श्यामना आज ताप नाही. भोपळ्याचे भरीत." शब्दन् शब्द खरा होता. पण त्या दिवशी घडलेली एक गोष्ट तिथे नव्हती. चौसष्ट वह्यांत अशी जागा ही एकच, आणि ती कुठे आहे हे त्यांना सदतीस वर्षे पाठ होते.

झाले होते ते असे. जीवाश्माचे चित्र काढण्याआधी त्यावर नवसागराचा धूर धरतात. दगडावर पिठीसारखा पांढरा थर बसतो, मूळचे डाग आणि रंग झाकले जातात, आणि नुसते उंच-सखल तेवढे स्पष्ट दिसते. मग प्रकाश डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यातून पडेल असा दगड फिरवून ठेवायचा आणि चित्राला बसायचे. चित्र झाले की तो थर धुऊन काढायचा. धुण्याचे काम सुखदेवचे. तो प्रयोगशाळेतला मदतनीस, वाशीमकडचा. त्या आठवड्यात भाचीच्या लग्नाला गावी गेला होता. सोमवारी डॉक्टर लेखासाठी गोटे तपासायला घेणार होते आणि त्याआधी ते परत खोक्यांत घालायचे होते. मंदाकिनीबाईंना कामे तुंबलेली आवडत नसत. त्यांनी बाह्या सरसावल्या, टबात पाणी भरले आणि सात गोटे एकदम बुडवून ब्रशने घासायला घेतले.

पाणी जांभळे झाले.

डॉक्टर बाण कॉपिंग पेन्सिलीने काढत. ती कोरडी असते तोवर करडी, पाणी लागले की जांभळी होऊन वाहू लागते. सुखदेव धुण्याआधी प्रत्येक बाणावर बायकोच्या बाटलीतल्या नेलपॉलिशचा एक हात देत असे. पण हे त्याचे काम, त्याची युक्ती. मंदाकिनीबाईंना ती कुणी सांगितली नव्हती आणि त्यांनीही कधी विचारली नव्हती. त्यांनी हात बाहेर काढला तोवर सातही बाण पाण्यात गेले होते. टेबलावरचे पाच कोरडे राहिले, म्हणून वाचले; पुढच्या पावसाळ्यांच्या दमट हवेने ते नुसते जांभळे झाले.

शनिवार, दुपारचा एक. मजल्यावर कुणी नव्हते. सोमवारी डॉक्टरांना सांगता आले असते. डॉक्टर रागावणारे नव्हतेच. खरी अडचण ती होती. पाहुणे आले की ते चित्रे दाखवत आणि म्हणत, "आमच्या बाई चुकत नाहीत." चौदा-पंधरा वर्षे ऐकलेले ते वाक्य त्या दुपारी मंदाकिनीबाईंच्या मानेवर बसले. त्यांनी गोटे वाळवले आणि एकेक हातात घेऊन विचार केला. ज्या बाजूला कालवं जास्त, ती वरची असणार. उजेडात, मोकळ्या पाण्यात राहायला कुणाला आवडणार नाही? बारीक निब घेऊन त्यांनी काळ्या शाईने सात बाण काढले. डॉक्टरांचे बाण घाईतले, वाकडे असत. हे सरळ होते.

डॉक्टरांना काळी शाई दिसली. "गिरवलेत वाटतं? छान," म्हणाले आणि पुढे गेले. पुढच्या आठवड्यात सुखदेव आला. खोकी उघडून त्याने एकेक गोटा फिरवून पाहिला. मग म्हणाला, "बाई, बाण तं लय देखणे झाले." त्याच्या बोलण्यात टोमणा होता की कौतुक, हे त्यांना तेव्हा कळले होते आणि आजही कळत होते. सुखदेवने तो विषय पुन्हा काढला नाही. पुढच्या वर्षी डॉक्टरांचा लेख छापून आला: कालवं गोट्याच्या वरच्या बाजूला राहत, असे दिसते.

दिसणारच. मंदाकिनीबाईंनी कालवांकडे बघून बाण काढले होते आणि डॉक्टरांनी बाणांकडे बघून कालवांचा निष्कर्ष काढला होता.

एवढी वर्षे त्याने कुणाचे काही बिघडले नव्हते. लेख फारसा कुणी वाचला नाही. पण आता त्यावर एका मुलीची चार वर्षे रचली जात होती, आणि तिला त्याखाली आणखी एक वीट हवी होती: मंदाकिनीबाईंची सही.

दुपारी त्यांनी कागद घेतला आणि मुलीने मागितले होते तसे पत्र लिहून पाहिले. "मूळ बाण अस्पष्ट होऊ लागल्याने मी ते इंडियन इंकने गिरवले." एक वाक्य. अक्षर नेहमीसारखे सुंदर आले. तेच त्यांना खटकले. त्यांचा हात खोटे लिहितानाही वळणदारच राहतो, हे त्या सात बाणांनी एकदा दाखवून दिले होते. खाली सोसायटीत तुळशीच्या लग्नाची तयारी चालली होती, माइकवर कुणीतरी अक्षता न्यायला बोलावत होते. मंदाकिनीबाईंनी पत्र फाडले, तुकडे सुक्या कचऱ्यात टाकले आणि नवा कागद घेतला. दुसरे पत्र दीड पान झाले. मग त्या अक्षता टाकायला खाली गेल्या.

गुरुवारी स्पृहा ठरल्या वेळी आली. पाठीवर सॅक, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. पिशवीतून तिने टॉवेलमध्ये गुंडाळलेला गोटा काढला.

"चार नंबर! गाइड सरांची परवानगी घेऊन आणला. म्हटलं, तुम्हांला भेटवावं."

"आधी पत्र वाच. मग ठरव, भेटवायचा की डोक्यात घालायचा."

स्पृहाने हसत पत्र घेतले. पहिल्या पानाच्या मध्यावर हसू थांबले. तिने ते शेवटपर्यंत वाचले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचले. मंदाकिनीबाई समोर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, शाळेत सिस्टरांच्या ऑफिसबाहेर बसत तशा.

"म्हणजे सातही गेले?" स्पृहाने विचारले.

"सात गेले. पाच खरे आहेत."

"पाचांत दोन उलटे आहेत. तीन विरुद्ध दोन." ती छताकडे बघू लागली. "तीन विरुद्ध दोन म्हणजे काहीच नाही. ओह, शिट. सॉरी, बाई."

"म्हण. त्या दिवशी नळाखाली मी यापेक्षा वाईट म्हटलं होतं. कॉन्व्हेंटचं इंग्रजी तेव्हा कामाला आलं."

स्पृहा हसली नाही. "जानेवारीत सबमिशन आहे माझं. तुम्ही हे मंगळवारीच का नाही सांगितलंत?"

"मंगळवारी मला खोटं लिहायचं होतं."

स्पृहाने पत्र टेबलावर ठेवले. ती उठली, गॅलरीत गेली, पाच मिनिटे फोनवर बोलली. काचेच्या दारातून तिचा हात तेवढा हलताना दिसत होता. मंदाकिनीबाईंनी मधल्या वेळात टॉवेल बाजूला केला आणि गोटा स्वतःकडे ओढला. सदतीस वर्षांनी तो जड झाला होता, किंवा हात हलके झाले होते. त्यांनी तो खिडकीकडे वळवला, प्रकाश डावीकडून वरून. सवयीने भिंग घेतले. बाजूला एक फुटके भोक होते, शिंपल्याने राहायला पाडलेले. ते भोक काढताना त्यांना तीन दिवस लागले होते. अर्धा भाग करडा, गुळगुळीत होता आणि उरलेला पांढरा, खडबडीत, आणि दोहोंमधली रेघ अगदी सरळ.

स्पृहा आत आली. डोळे लाल होते, आवाज ठीक होता. "गाइड सर म्हणाले, पत्र परिशिष्टात जसंच्या तसं लावायचं. तुमच्या नावासकट. चालेल?"

"नावासाठीच तर सही केलीय."

"आणि चॅप्टरचं काय करायचं ते तू बघ, म्हणाले."

"मग बघ. इकडे ये," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "ही रेघ मी त्या वेळी काढली होती. डॉक्टरांना विचारलं होतं, भोक अर्धंच का भरलंय? ते काय म्हणाले ते मला नीट आठवत नाही. चिखल, पातळी असं काहीतरी."

स्पृहाने भिंग घेतले. दोन सेकंद पाहिले, मग गोटा उचलून थेट खिडकीशी नेला.

"जिओपेटल!" ती जवळजवळ ओरडली.

"मराठीत."

"अहो बाई, चिखल खाली बसतो! भोकात चिखल शिरला, तो तळाला साचला, वरची पोकळी रिकामी राहिली. तिथं नंतर पांढरे स्फटिक वाढले. म्हणजे करडी बाजू खाली, पांढरी वर. गवंड्याची लेव्हल असते ना, तशी. गोटा शेवटी कसा पडला होता ते ह्याच्यावरून कळतं. मला बाण नकोच!" मग ती एकदम थांबली. "पण फुटकं भोक पाहिजे. आत दिसलं पाहिजे. दगड कापायला संस्था देणार नाही."

मंदाकिनीबाई उठल्या. आतल्या खोलीतून त्यांनी एक फाइल आणली. सगळ्या चित्रांच्या ट्रेसिंग पेपरवरच्या प्रती तीत होत्या, क्रमाने. सात चित्रे त्यांनी बाजूला काढली आणि बोटाने दाखवत गेल्या. "चारला हे एक. सहाला दोन. नऊला एक, लहान आहे, पण रेघ आहे बघ. अकराला हे. बाकी तिघांना फुटकं भोक नाही. असतं तर मी काढलं असतं."

"म्हणजे चार वाचले. चार आणि पाच, नऊ."

"आधी हा बघ. माझा बाण बरोबर आहे का?"

स्पृहाने गोटा करडी बाजू खाली येईल असा टॉवेलवर ठेवला. काळा बाण, सदतीस वर्षांचा आणि अजून तुकतुकीत, सरळ टेबलाकडे टोक करून उभा राहिला. कालवं सगळी खालच्या अंगाला गेली.

स्पृहाने भिंग कालवांवर धरले.

"कालवं खाली," स्पृहा हळूच म्हणाली. "वर खूप चिखल पडत असेल. किंवा वरची कुणीतरी खाऊन टाकत असेल. म्हणून ती खाली लपली." तिने वही काढली होती आणि भराभरा काहीतरी लिहायला लागली होती. "बाई, हे जर बाकीच्यांतही निघालं, तर माझा चॅप्टर बरोबर उलटा होतो."

"होऊ दे. लिहायला हात आहेत तुला."

"तो बाण पुसायचा का?"

"मुळीच नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "एकदा पुसून झालंय. शेजारी नवा काढ, आजची तारीख घाल आणि तुझं नाव. काळा तसाच राहू दे. कुणी विचारलं तर पत्र आहे."

स्पृहाने बाण काढला. तो थोडा वाकडा आला. मंदाकिनीबाईंच्या बोटांना चुळबुळ सुटली, त्यांनी हात मांडीवर ठेवले.

मग ठरले ते असे. भोकांची नवी चित्रे लागणार होती, मोठी करून, रेघ दिसेल अशी. फोटोत ती रेघ येत नव्हती, स्पृहाने दोनदा करून पाहिले. मंदाकिनीबाईंच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली होती. त्या म्हणाल्या, दिवसाला दोन तास, त्याहून जास्त नाही, आणि घाई करायची नाही. गाइड सरांना पुन्हा फोन झाला. चारही गोटे सोमवारी संस्थेच्या गाडीतून नवी पेठेत येणार होते. लिफ्ट बंद असल्याचे संस्थेतल्यांना सांगायचे की नाही, यावर दोघींचे थोडे बोलणे झाले, आणि सांगायचे नाही असे ठरले.

स्पृहा सव्वासहाला गेली. जाताना दारात म्हणाली, "बाई, मी अजून थोडी रागावलेली आहे हां."

"असणारच. सोमवारी रागावूनच ये, पण अकराच्या आत. नंतर ऊन फिरतं."

सात वाजता मंदाकिनीबाईंनी वही उघडली. गुरुवार, १४ नोव्हेंबर. पाण्याची वेळ लिहिली, लिफ्ट लिहिली. मग एकेक करून लिहिले: स्पृहा आली, पत्र दिले, चार नंबरचा बाण उलटा निघाला. त्यानंतर एक ओळ सोडून त्यांनी लिहिले, "७ मार्च १९८७ रोजी गोटे धुताना सात बाण पुसले गेले. मी अंदाजाने नवे काढले. कोणाला सांगितले नाही." टोपण लावायला घेतले आणि आठवले तसे खाली आणखी एवढे घातले:

"सोमवारी जड गोटे ठेवायचे म्हणून टेबलावरची काच दोघींनी मिळून काढली, जुन्या चादरीत गुंडाळून कॉटखाली ठेवली. एका कोपऱ्याचा टवका उडालेला आहे, तो आजचा नाही."